सुलाबाईनं न पाहिलेलं शेवटचं रीळ

निपाणीत चोरीच्या सिनेमांवर सुलाबाईइतका अधिकार दुसऱ्या कुणाचा नसेल. बँक, जवाहिऱ्याचं दुकान, राजाचा खजिना, धावती आगगाडी, जे जे म्हणून लुटता येतं ते ते लुटलं जाताना तिनं पाहिलंय, आणि तेही टॉकीजमध्ये, सगळ्यात खालच्या वर्गात, पदर खोचून बसून. पण यातला एकही सिनेमा तिनं शेवटपर्यंत पाहिलेला नाही. पहिला एक सोडला तर.

तो पहिला तिनं लग्न होऊन निपाणीला आली त्या वर्षी पाहिला. भीमनगरातल्या बायका सकाळी वळलेल्या विड्या विडी कंपनीच्या शाखेत देऊन मोकळ्या झाल्या की महिन्या-दोन महिन्यांनी दुपारचा खेळ गाठायच्या. सोळा वर्षांची सुलाबाई त्यांच्या मागून गेली. पडद्यावर चार माणसं एका सावकाराची तिजोरी फोडत होती. तिघे साधे कामकरी, एक म्हातारा लोहार. कुणी आरडाओरडा करत नव्हतं, कुणी नशिबाला दोष देत नव्हतं. नकाशा काढला, कामं वाटून घेतली आणि लागले कामाला. तिजोरीचं दार उघडलं तेव्हा सुलाबाईला आपल्याच घरी काहीतरी चांगलं घडल्यासारखं वाटलं. मग शेवटचं रीळ आलं. पोलिसांची गाडी आली, चौघांना जाळीआड कोंबलं, आणि तिजोरीचा मालक पोट हलवत हसला.

त्या काळी सिनेमात चोर सुटलेला सहसा दाखवत नसत. चोर सुटला तर लोक बिघडतील अशी वरच्या मंडळींना काळजी. मालकानं ती तिजोरी मुळात भरली कशी, हे बघून लोक बिघडत नसावेत.

सुलाबाईला ते हसणं काही केल्या सोसलं नाही. पुढच्या वेळी तसलाच सिनेमा लागला तेव्हा ती गेली, तिजोरी उघडेपर्यंत डोळ्यांत प्राण आणून बसली आणि लांबून पोलिसांचा भोंगा ऐकू येताच उठून चालू लागली. दारात डोअरकीपर नागोजी उभा होता.

"आक्का, धाच मिन्टं ऱ्हायल्यात. बसा की."

"तुला ऱ्हाऊ देत ती. मला मालकाचं हसू बघायचं न्हाय."

त्या दिवसापासून हा तिचा नेमच झाला. नागोजीला ती दोन कारणांसाठी पक्की लक्षात राहिली. एक म्हणजे हे उठून जाणं. दुसरं म्हणजे तिचं तिकीट. मध्यंतरानंतर आत येताना तो तिकीट मागायचा आणि सुलाबाई त्याच्या हातावर एक विडी ठेवायची. कागदाची, पण घडी घातलेली, तोंड बंद केलेली, अगदी रीतसर विडी. वयाच्या नवव्या वर्षापासून हातात पान आणि तंबाखू असलेल्या बाईच्या बोटांना अंधारात स्वस्थ बसता येत नव्हतं. खेळ सुरू होऊन दहा मिनिटं झाली की तिकिटाची विडी झालेलीच असायची. तिला स्वतःला याचा पत्ताही नसायचा.

सुलाबाई उठली की तिच्या बरोबरच्या बायकाही उठायच्या. घरी चालत जाताना त्या आपापला शेवट लावायच्या. शेजारची शालूबाई चोरांना कोल्हापूरच्या गाडीत बसवून द्यायची आणि तिथं त्यांना मटणाचं ताट वाढायची. तिचे सगळे शेवट जेवणापाशी येऊन थांबत. सुलाबाईच्या शेवटात चोर तिजोरी रिकामी करून पुन्हा तशीच्या तशी बंद करून ठेवत, आणि मालक वर्षभर रिकाम्या तिजोरीची पूजा करत बसे. यावर बायका एवढ्या हसायच्या की वाटेतले लोक वळून बघायचे.

या सिनेमांत तिला काय दिसलं, असं पुढं नातीनं एकदा विचारलं. सुलाबाईनं उत्तर तयारच ठेवलं होतं. दुसऱ्या सिनेमात गरीब माणूस आला की समजावं आता रडणार. इथं तो कामाला लागतो. एकाचे कान तेज असतात, तो तिजोरीला कान लावून आतली कळ ओळखतो. एकाची बोटं हलकी असतात. एकजण नुसता भांडण काढण्यात पटाईत असतो, तर त्याच्या भांडणालाही तिथं किंमत असते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कुणी कुणाला छाट म्हणून बाजूला काढत नाही.

छाट हा शब्द तिच्या तोंडून नुसता यायचा नाही, थुंकल्यासारखा यायचा. शाखेत टेबलामागं महादेव चेकर बसायचा. हजार विड्या त्याच्यापुढं ठेवल्या की तो हात फिरवून त्यातल्या पन्नास-साठ बाजूला टाकायचा. ही फाटकी, ही सैल, ही वाकडी. त्या विड्या बाईच्या कामात धरल्या जात नसत. पण फेकूनही दिल्या जात नसत. महादेवाच्या पायाशी एक पोतं असायचं, ते रोज भरायचं आणि रोज आत जायचं. आत जाऊन त्याच विड्या पुन्हा चांगल्या होत असत, एवढं न कळायला बायका काही दुधखुळ्या नव्हत्या.

सिनेमाचा परिणाम म्हणाल, तर तो आधी पानावर झाला. विडीचं पान वाटताना भीमनगरच्या बायकांच्या वाट्याला हटकून भोकाचं, चिरलेलं पान यायचं. तक्रार केली की कारकून म्हणायचा, पान झाडावर येतं, मी नाही करत. मग एका सकाळी शालूबाईनं वजनकाट्यापाशी भांडण काढलं. भांडणात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. कारकून, महादेव आणि रस्त्यावरचे चारजण तिला आवरेपर्यंत सुलाबाईनं मागं लावलेला चांगल्या पानाचा पुडका उचलला आणि त्या जागी आपला भोकाचा ठेवला. याला ती चोरी म्हणत नसे, अदलाबदल म्हणत असे. अशा अदलाबदली पुढं पुष्कळ झाल्या. सापडली एकदाही नाही.

वर्षं गेली. टॉकीज बंद पडली, तिथं आता लग्नाचं कार्यालय आहे. मुलगा दीपंकर शिकून बेळगावात बँकेत लागला. त्याची मुलगी पारमिता तिथंच वकिलीचं शिकते. सुट्टीला आली की ती मोबाईलवर आजीला जुने सिनेमे लावून देते आणि शेवटाकडं आलं की आजी अजूनही मोबाईल पालथा घालते. नवरा गेला, गुडघे गेले, तरी सुलाबाईनं सूप सोडलं नाही. मांडीवर सूप, सुपात पान, तंबाखू आणि दोरा. आधी दुसऱ्या शाखेत होती, पण या शाखेतच चौतीस वर्षं झाली.

आणि गेल्या पावसाळ्यानंतर शाखेवर पाटी लागली की महिनाअखेर शाखा बंद होणार.

बंद होवो, त्याचं सुलाबाईला एवढं काही वाटलं नाही. पण काम सोडताना कामगाराच्या नावानं कागद व्हावा लागतो. त्यावर पेन्शन, दवाखाना, सगळं पुढचं चालतं. तिनं अर्ज केला तेव्हा शाखेच्या मॅनेजरनं वरही न बघता सांगितलं की या नावाची कामगार आमच्याकडं कधी नव्हती.

सुलाबाईला आधी वाटलं, चुकून म्हणाला असेल. तिनं आपलं लाल कव्हरचं पुस्तक मागितलं. प्रत्येक बाईचं तसं पुस्तक असायचं, त्यात दिवसाचा शिक्का पडायचा. कायद्यानं ते बाईजवळ असायचं, पण तुम्ही हरवाल म्हणून शाखेनं सगळी पुस्तकं मॅनेजरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवून घेतली होती.

"कसलं पुस्तक?" मॅनेजर म्हणाला. "इथं कुठलीही पुस्तकं नाहीत, बाई."

चौतीस वर्षं रोज जिच्या हातचा माल घेतला, तिला तोंडावर सांगितलं की तू नव्हतीसच. सुलाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं कामगार खात्याकडं तक्रार दिली. खात्यानं गुरुवारची तारीख दिली आणि पुरावा घेऊन या म्हणून सांगितलं. पुरावा तर त्या कपाटात होता.

दीपंकरनं फोनवर समजूत घातली. "आई, सोडून दे की. तुला काय कमी हाय? मी हाय न्हवं?"

"तू हायस रं. पर मी कुठं हाय? मी न्हवतेच म्हनं तितं." सुलाबाई म्हणाली. "नऊ वर्सांची असल्यापासनं ही बोटं चालत्यात. त्येचा एक कागद असू नये व्हय?"

दीपंकरनं 'बघू' म्हणून फोन ठेवला. पारमिता मात्र त्या शनिवारी बेळगावहून गाडी पकडून आली, कारण आजी गप्प आहे आणि शालूआजी दिवसातनं चारदा घरी येतेय, हे तिला शेजारच्या नीलमकडून कळलं होतं. नीलमही विड्याच वळते, वयानं तिशीची. दारात पाऊल टाकताच पारमिताला दिसलं की जमिनीवर सुपात पानांचे तुकडे मांडलेत आणि तिघी त्यावर वाकून बसल्यात. एक तुकडा शाखेचा काउंटर होता, एक पानाची खोली, एक मॅनेजरची खोली.

"आज्जी, हे काय चाललंय?"

"कपाटाची किल्ली क्यालेंडरच्या मागं खिळ्याला असती," सुलाबाई म्हणाली. "सगळ्यांस्नी ठावं हाय. दीड वाजता मॅनेजर डबा उघडतो आनि म्हादेव च्या प्यायला जातो. मी आदीच पानाच्या खोलीत जाऊन बसनार. मॅनेजरनं डबा उघडला की नीलमनं खिडकीतनं शालूला खूण करायची. शालू भाईर भांडान काढनार. त्यो हात धुऊन भाईर गेला की मी आत."

"हा गुन्हा आहे, आज्जी."

"माझंच पुस्तक मी आनायचं, त्याला गुना म्हनत्यात?"

पारमितानं कपाळाला हात लावला. कायदा काय म्हणतो ते तिनं सांगून पाहिलं. अर्ज कसा करता येईल, कागद कसा मागवता येईल, तेही सांगितलं. सुलाबाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं की हे सगळं गुरुवारच्या आत होईल का. होणार नव्हतं.

"तू शेवट कधी बघितलाच नाहीस, तिथं तुझं चुकलं," पारमिता शेवटी म्हणाली. "बघितला असतास तर कळलं असतं. तिजोरी सगळ्यांनाच उघडता येते. मागं एक बारकी चूक राहते आणि त्याच्यावरनं सापडतात."

"आमची ऱ्हात न्हाय," शालूबाई म्हणाली.

मंगळवारी, भर दुपारी, तिघी कामाला लागल्या. सुलाबाई काउंटरच्या कडेनं पानाच्या खोलीत शिरली आणि पोत्यांच्या मागं बसली. दाराच्या फटीतनं तिला मॅनेजरचं टेबल दिसत होतं. दीड वाजला. महादेव चहाला गेला. मॅनेजर मोबाईलवर बोलत होता. पावणेदोन झाले. डबा काही निघेना. दोन वाजायला आले तरी त्याचं बोलणंच चाललेलं. खिडकीबाहेर नीलमचं तोंड एवढंसं झालं होतं.

त्या दिवशी अंगारकी संकष्टी होती. मॅनेजरचा उपास. सगळा बेत त्याच्या डब्यावर बांधलेला आणि डबा आलाच नव्हता. भीमनगरात बापजाद्यांनी उपासतापास सोडून साठ-पासष्ट वर्षं झाली, तिथं कुणाच्या लक्षात संकष्टी राहणार? ज्या क्यालेंडरच्या मागं किल्ली होती, त्याच क्यालेंडरवर ती छापलेली होती म्हणा.

सुलाबाई चाळीस मिनिटं त्या अर्ध्या अंधारात बसून राहिली. बाहेर पडायचा विचार तिच्या मनाला शिवला नाही. शेवटी शालूबाईचाच धीर सुटला. खुणेबिणेची वाट न बघता तिनं रस्त्यावर असा काही सूर लावला की हायवेच्या पुलापर्यंत ऐकू गेला असेल. मॅनेजर फोन कानाला लावूनच बाहेर धावला.

सुलाबाई उठली, खोलीत गेली, क्यालेंडर उचललं, किल्ली काढली, कपाट उघडलं.

कपाट रिकामं होतं.

चारही कप्प्यांत नुसते जुने वर्तमानपत्राचे कागद अंथरलेले होते. तिनं ते कागदही उचलून पाहिले. मग कपाट लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि मागच्या दारानं बाहेर पडली. रस्त्यानं चालताना तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती. वर्षानुवर्षं रिकाम्या तिजोरीचा शेवट लावून ती हसली होती. आता तिजोरी रिकामी निघाली आणि ती रिकामी करणारा मालक होता.

तिघी घरी आल्या. मग नीलमनं सहज विचारलं, "पर आक्का, चाळीस मिन्टं तुमी त्या खोलीत केलं काय?"

"काय करनार? बसलते." सुलाबाई बोलता बोलता थांबली. तिनं आपली बोटं बघितली. नखांत ओला चुरा होता. त्या दिवशी घरी तिनं सुपाला हातही लावला नव्हता.

पानाच्या खोलीत नव्या बायकांना दाखवायला नमुन्याचं एक सूप ठेवलेलं असतं. त्यात कापलेली पानं, चिमूटभर तंबाखू आणि दोऱ्याचं रीळ. ते सूप तिच्या गुडघ्यापाशी होतं एवढं तिला आठवलं. पुढचं तिच्या बोटांना ठाऊक.

"किती?" शालूबाईनं विचारलं.

"पानं होती तेवढ्या. अकरा-बारा असतील."

पारमिताला लगेच फोन लावला. बारकी चूक, असं काही ती म्हणाली नाही, हा तिचा मोठेपणा. फक्त म्हणाली, "आज्जी, गुरुवारी जाऊ नकोस. ते ओळखतील. चोरीची केस घालतील."

"चोर पळून जातो," सुलाबाई म्हणाली. "मी का पळू? मी जानार."

गुरुवारी ती गेली. धुवट पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. बरोबर शालूबाई, नीलम आणि गल्लीतल्या आणखी सात-आठजणी, न बोलावता आलेल्या. कॉलेज बुडवून पारमिता आली होती. कामगार खात्याच्या अधिकारी बाई धारवाडकडच्या होत्या. "कूडरी अक्का," म्हणत त्यांनी खुर्चीकडं बोट केलं. सुलाबाई बसली. समोर मॅनेजर इस्त्रीच्या शर्टात आणि त्याच्या मागं भिंतीला टेकून महादेव चेकर.

मॅनेजरनं थोडक्यात सांगितलं. ही बाई आमची कामगार नाही, कधीही नव्हती, रेकॉर्डला नाव नाही.

"तुमच्याकडे काही कागद आहे, अक्का?" बाईंनी विचारलं.

"न्हाय."

"पुस्तक, ओळखपत्र, काहीतरी?"

"पुस्तक त्यांच्या कपाटात असायचं. आता न्हाय."

बाईंनी उसासा टाकला. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसतही होतं, पण वाईट वाटल्याचा शिक्का नसतो. त्यांनी फाईल मिटायला घेतली. मॅनेजरनं तेवढ्यावर थांबायला हवं होतं. सगळं त्याच्या बाजूनं झालं होतं. पण जिंकलेल्या माणसाला हसल्याशिवाय राहवत नाही, आणि तो हसला. सुलाबाईनं तसलं हसू पन्नास वर्षांत एकदाच पाहिलं होतं, पडद्यावर. या खेपेला उठून जाण्याचं तिच्या मनात आलं नाही.

"आणि मॅडम," तो म्हणाला, "वर ही बाई चोर आहे. मंगळवारी आमच्या शाखेत शिरली होती. मला पोलिसात द्यायची आहे. पुरावा आहे."

त्यानं खिशातनं कागदाची पुडी काढून टेबलावर उघडली. आत अकरा विड्या होत्या.

"ह्या पानाच्या खोलीत सापडल्या. कपाटात अंथरलेले कागद विस्कटलेले होते. महादेव, सांग मॅडमना."

महादेव पुढं आला. माणूस वाईट नव्हता, सांगितलेलं करणारा होता. पण आपल्या कामाचा त्याला अभिमान होता आणि तो अभिमान एवढ्या मोठ्या ऑफिसात दाखवायची संधी त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होती.

"ह्यो हात सुलाक्काचा हाय, म्याडम. हजारात वळखीन."

"कसं ओळखता?"

"हे तोंड बघा. बाकीच्या बाया उजवीकडनं घडी मारत्यात. सुलाक्काच्या डाव्या बोटाचं पेर ल्हानपनीच कातरीत गेलंय, म्हनून तिची घडी डावीकडं बसती. आनि दोरा बघा. बाकीच्या एक येढा देत्यात, ही दोन देती. तालुक्यात असा हात दुसरा न्हाय."

"नक्की?"

"म्हंजे काय? सव्वीस वर्सं रोज बघतोय की."

"रोज? कुठं बघता?"

"शाखेत. आमच्या टेबलावर."

बाईंचं पेन चालू लागलं. पारमितानं आजीचा हात धरला आणि इतका आवळला की सुलाबाईला दुखलं. मॅनेजरच्या लक्षात यायला आणखी दोन ओळी लागल्या. मग तो घाईनं म्हणाला, "तसं नाही मॅडम, त्याला म्हणायचंय की..."

"साक्षीला त्याला तुम्हीच बोलावलं ना?" बाईंनी मान वर न करता विचारलं. "बरं. चोरीला काय गेलं?"

"म्हणजे?"

"कपाटात काय होतं?"

मॅनेजरनं महादेवाकडं पाहिलं, मग बायकांकडं. पुस्तकं होती म्हणावं तर पुस्तकं असल्याचं कबूल. "काही नव्हतं," तो म्हणाला.

"मग गेलं काय?"

"पान, तंबाखू..."

"ते तर इथं आहे." बाईंनी विड्यांकडं पाहिलं आणि मग सुलाबाईकडं. "अक्का, तुम्ही आत गेला होता?"

पारमिता काही बोलायच्या आत सुलाबाईनं उत्तर दिलं. "गेलते. माझं पुस्तक आनायला गेलते. गावलं न्हाय. गावलं असतं तर आनलं असतं. आनि गल्लीतल्या समद्या बायांचंबी आनलं असतं. लिवा तसं."

बाईंनी लिहिलं. आत गेल्याबद्दल पुढं काय व्हायचं ते होईल, असं त्या म्हणाल्या. तेही सुलाबाईनं मान हलवून मान्य केलं. महादेवाची सही घेतली. आपण काय बोलून बसलो ते सही करताना त्यालाही उमगलं. मॅनेजरनं पुडी उचलायला हात पुढं केला.

"थांबा जरा," सुलाबाई म्हणाली. ती उठून उभी राहिली. "म्हादेवअण्णा, हिकडं या. तुमचं काम करा."

"कसलं काम, आक्का?"

"सव्वीस वर्सं रोज करताय त्ये. ह्या अकरा इड्या हायत. म्याडमसमोर ह्यातली छाट काढा."

महादेव हसायला गेला, पण कुणीच हसत नव्हतं. दारात सात-आठ बायका उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हजारातल्या पन्नास-साठ त्यानं रोज पोत्यात टाकल्या होत्या. त्यानं पहिली विडी उचलली. सवयीनं बोटांत फिरवली, तोंड बघितलं, दोरा बघितला, खाली ठेवली. दुसरी उचलली. तिसरी. अंधाऱ्या खोलीत, छातीत धडधड होत असताना, न बघता वळलेल्या त्या विड्या तो एकेक करून तपासत गेला. अकरावीही त्यानं बाकीच्यांच्याच शेजारी ठेवली.

"किती?" सुलाबाईनं विचारलं.

"एकपन न्हाय, आक्का."

"मोठ्यानं सांगा. त्यांस्नी ऐकू जाऊ दे."

"छाट एकपन न्हाय," महादेव म्हणाला.

सुलाबाई अधिकारी बाईंकडं वळली. "त्येबी लिवा, म्याडम. अकरा इड्या, सुलाबाईच्या हातच्या. छाट एकपन न्हाय."

बाईंनी लिहिलं.